मनगटावरचा दोन बोटांचा पट्टा

माझ्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही मनगटांवर दोन बोटं रुंदीचा लाल पट्टा उठायचा. डिसेंबरात सकाळी साडेसहाला ती गाडीवरून कामाला निघायची, पोहोचल्यावर हातमोजे काढायची आणि दहा मिनिटांत पट्टा हजर. फुगलेला, खाजणारा, तासाभरात आपोआप मावळणारा. आधी संशय घड्याळावर गेला, मग रविवारच्या तर्री-पोह्यांवर, मग वांग्याच्या भाजीवर. आई आमसुलाचं पाणी लावायची. अंगावर 'पित्त' उठलंय म्हटल्यावर कुणीतरी तिला ॲसिडिटीची गोळीही देऊन टाकली. हातमोजा संपतो आणि स्वेटरची बाही सुरू होते, त्यामधली उघडी जागा नेमकी तेवढीच आहे, हे आमच्या लक्षात यायला एक अख्खा हिवाळा गेला.

या त्रासाला डॉक्टर कोल्ड अर्टिकेरिया म्हणतात. आपल्याकडे अंगावर गांधी उठणं म्हणतात तेच, फक्त इथे निमित्त थंडीचं. आपल्या त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिनचे बारीक कण भरलेले असतात. या लोकांच्या मास्ट पेशी त्वचा गार पडली की ते हिस्टामिन बाहेर सोडतात. त्यामुळे आसपासच्या केशवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपतो, कातडी फुगते आणि खाज सुटते. जठरातल्या आम्लाशी याचा काहीच संबंध नाही. 'पित्त' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला जातो, त्यातून हा घोटाळा होतो.

निदानाची पद्धत साधी आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतला बर्फाचा खडा डॉक्टर हातावर साधारण ५ मिनिटं ठेवतात, काढतात आणि १० मिनिटं थांबतात. बर्फाच्या आकाराची गांध उठली तर शंका फिटते. यातलं थांबणं महत्त्वाचं आहे. गांध बऱ्याचदा गारठ्यात असताना दिसत नाही, त्वचा पुन्हा ऊब धरू लागली की उठते. म्हणूनच रस्त्यावर काही होत नाही, घरी येऊन चहा घेतला की अंग फुलतं, आणि दोष बिचाऱ्या चहाला लागतो. किती गारव्याला त्वचा चिडते हेही प्रत्येकाचं वेगळं. काहींना बर्फासारखं गार काही लागलं तरच त्रास होतो, काहींना २० अंशांचा स्पर्शही पुरतो.

आता नागपूरचं बघू. आपली ओळख उन्हाळ्याची, पण २९ डिसेंबर २०१८ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. एरवीही जानेवारीत पहाटे १०-१२ आणि दुपारी २८ हे नेहमीचंच. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र; दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता भराभर सोडून देते. या गारठ्यात आपण गाडी काढतो. पारा १० अंशांवर असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने निघालं, तर उघड्या चेहऱ्याला जवळजवळ ६ अंशांइतका गारठा जाणवतो. वारा कोरड्या त्वचेला हवेपेक्षा गार करू शकत नाही. पण अंगालगत आपण तापवलेला हवेचा पातळ थर तो सतत उडवून नेतो, म्हणून त्वचा फार लवकर गार पडते.

यामुळेच या त्रासासाठी जाडजूड स्वेटर ही माझ्या मते पहिली नव्हे, दुसरी खरेदी. लोकरीची ऊब येते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या स्थिर हवेमुळे. स्थिर हवेतून उष्णता फार हळू वाहते. पण विणलेल्या स्वेटरला हजार भोकं. गाडीवर वारा सरळ आत शिरतो आणि ती हवा हलवून टाकतो. तोच पातळ स्वेटर वारा अडवणाऱ्या जर्किनखाली घाला, फरक पहिल्याच चौकात कळेल. उन्हासाठी आपल्याकडे मुली घालतात तो सुती सनकोट आणि चेहऱ्याचा दुपट्टा हिवाळ्यात तोच ठेवू नये. ऊन अडवणारं कापड वारा अडवेलच असं नाही. कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. फुंकर पलीकडच्या तळहाताला लागली, तर वाराही लागणार.

वाऱ्यानंतरचा मोठा वैरी ओल. स्थिर हवेच्या मानाने पाणी साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि घाम सुकतानाही त्वचेतूनच उष्णता खेचतो. अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सवर पहाटे भराभर चालणारा माणूस वीस मिनिटांत आतून घामेजतो, मग बाकावर बसतो, आणि ओलं बनियन पाठीला चिकटतं. पाठीवर गांधी. गाडीवर बसून जाणाऱ्याला आत सुती बनियन चालेल, चालणाऱ्याला नाही. त्याने आत घाम पटकन बाहेर सोडणारं, लवकर वाळणारं कापड घ्यावं. लोकरही चांगली, कारण बरीच वाफ शोषूनही ती ओली वाटत नाही. मात्र जाड धाग्याची लोकर उघड्या अंगाला टोचते आणि त्या खाजेत खरी गांध कोणती ते कळेनासं होतं. मऊ, बारीक धाग्याची घ्यावी, नाहीतर खाली दुसरं कापड ठेवावं. घट्ट इलास्टिकही टाळावं. काहींच्या त्वचेला दाब आणि घासणंही सोसत नाही.

सगळ्यात चांगली मार्गदर्शक म्हणजे स्वतःच्या अंगावरची गांध. ती कुठे उठली ते आठवडाभर लिहून ठेवावं. गळ्याशी उठली तर जर्किनची चेन वरपर्यंत लागत नाही. बोटांच्या आतल्या बाजूला उठली तर ब्रेकच्या धातूचा गारवा हातमोज्यातून पोहोचतोय. कमरेवर मागच्या बाजूला उठली तर गाडीवर वाकल्यावर शर्ट वर सरकतोय. कपड्यात फट कुठे आहे ते त्वचा नेमकं दाखवते.

आणि हे फक्त डिसेंबरपुरतं नाही. मे महिन्यात बाहेरून घामाघूम येऊन थेट कूलरपुढे उभं राहणं म्हणजे ओल आणि वारा दोन्ही एकदम. आधी घाम पुसून कोरडा सदरा घालावा, मग कूलर. जुलैत रेनकोट डिकीत ठेवून 'थोडंच तर जायचंय' म्हणत भिजणं हेही तसंच.

एका गोष्टीपुढे मात्र कपड्यांचा इलाज चालत नाही. गार पाण्यात पोहायला उतरलं की सगळी त्वचा एकदम गार पडते आणि हिस्टामिन इतकं सुटू शकतं, की रक्तदाब कोसळून माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. या विकारात जीवघेणा प्रसंग ओढवतो तो बहुतेक असाच. हा त्रास असलेल्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय, आणि एकट्याने तर कधीच, तलावात उतरू नये. बर्फाचा गोळा खाल्ल्यावर ओठ किंवा घसा सुजला, श्वास अडला, चक्कर आली, तर आमसूल आणि घोंगडी बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठावा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. तिथली खोलीही गार असते आणि सलाईनही. झोप न आणणाऱ्या हिस्टामिनविरोधी गोळ्यांनी पुष्कळांना आराम पडतो. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, शेजाऱ्यांनी नाही. बऱ्याच जणांचा त्रास काही वर्षांत कमी होतो किंवा थांबतो.

बहिणीने आता कोपरापर्यंत येणारे हातमोजे घेतलेत. त्यांचं तोंड ती जर्किनच्या बाहीत खोचते. मनगटावरचा पट्टा या हिवाळ्यात एकदाही उठला नाही. डाव्या कानाच्या पाळीवर मात्र उठतो, कारण हेल्मेट घालताना कानटोपीची कड वर सरकते. जाड टोपी घातली तर हेल्मेट सैल बसतं, तो धोका वेगळा. डोळे सोडून सगळा चेहरा आणि कान झाकणारी, पातळ, शिवण न टोचणारी टोपी आम्ही सध्या शोधतोय. सीताबर्डीला दोन बघितल्या. एकीतून फुंकर आरपार गेली.