प्रयोगवही संगणकात जाताना

प्रयोगशाळेत नवी डिजिटल प्रणाली आली की कुरकुर सुरू होते, आणि तिचं खापर लगेच 'जुन्या सवयीं'वर फोडलं जातं. मला हे निदान अपुरं वाटतं. ही साधनं मुळात कोणाच्या सोयीसाठी आली, हे पाहिलं तर कुरकुरीचा अर्थ लागतो.

कागदी प्रयोगवहीची शिस्त कडक होती. बांधलेली वही, छापील पृष्ठक्रमांक, शाईनेच लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारायची, खाली तारीख, सही आणि साक्षीदाराची सही. अमेरिकेत १६ मार्च २०१३ पर्यंत पेटंटचा हक्क आधी शोध लावणाऱ्याला मिळे, त्यामुळे ही वही वादात पुरावा ठरे. कायद्याने ती संस्थेची असली, तरी संशोधकाच्या मनात ती त्याचीच होती. अर्धवट कल्पना, शंका, फसलेले प्रयोग, सगळं तिच्यात असे.

१९८०च्या दशकात 'लिम्स' (प्रयोगशाळेची माहिती सांभाळणाऱ्या संगणक) प्रणाली आल्या, त्या नमुन्यांचा माग ठेवायला. नमुना कुठे आहे, अहवाल कधी मिळेल, हे प्रश्न व्यवस्थापकाचे होते. रोज त्याच चाचण्या करणाऱ्या ठिकाणी त्या चपखल बसल्या. पण प्रयोगाची दिशाच मध्येच बदलते तिथे ठरावीक रकाने जाचू लागले.

दुसरा रेटा नियामकांचा. इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या अमेरिकी प्रयोगशाळेतले बनावट निष्कर्ष १९७०च्या दशकात उघड झाले आणि १९७८ मध्ये एफडीए या तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने प्रयोगशाळांसाठी नियम काढले. १९९७ च्या 'पार्ट ११' या एफडीएच्याच नियमाने इलेक्ट्रॉनिक सहीला हस्ताक्षराचा दर्जा दिला, पण प्रत्येक बदलाची वेळेसह आपोआप नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, हवी अशी अटही घातली. कागदावरची खाडाखोड प्रामाणिकपणाची खूण होती. पडद्यावर त्याच दुरुस्तीला कारण विचारलं जाऊ लागलं. साहजिकच, आपल्यावर पाळत आहे असं वाटू लागलं.

त्यात हातमोजे घालून कीबोर्डला हात लावायचा नाही. मग आकडे चिठोऱ्यावर टिपायचे आणि संध्याकाळी टाइप करायचे, म्हणजे दुप्पट काम. यंत्राला जोडलेला संगणक एक, माणसं अनेक. सकाळी कुणीतरी लॉगिन करायचं आणि दिवसभर सगळ्यांनी तेच वापरायचं, असंही चालतं. औषधनिर्मितीतल्या या सामायिक पासवर्डवर एफडीएने २०१८ च्या मार्गदर्शनात स्पष्ट बोट ठेवलं.

एक्सेलचं उदाहरण तर गमतीदार आहे. 'सेप्ट२', 'मार्च१' यांसारख्या जनुकनामांच्या ते तारखा करून टाकतं, हे २००४ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. तरी एक्सेल कुणी सोडलं नाही; शेवटी २०२० पर्यंत अशा जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली. एक्सेल परवानगी मागत नाही, रकाने लादत नाही, म्हणूनच ते टिकलं असावं.

आता सक्ती येते आहे. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने स्वतःच्या प्रयोगशाळांना ३० जून २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक वही बंधनकारक केली. अशा व्यवस्थेत संशोधक संस्था सोडतो तेव्हा त्याचं खातं बंद होतं आणि नोंदी संस्थेकडे राहतात. फसलेले प्रयोग आणि अर्धवट शंका तिथे किती मोकळेपणाने लिहिल्या जातील, हे त्या पुढे कोण वाचणार यावर ठरेल, आणि प्रणाली निवडताना नेमकी हीच चर्चा क्वचित होते.