टाकीला अपचन झालं तेव्हा

'भाजीची सालं टाका, दुसऱ्या दिवशी फुकट गॅस, सिलिंडरला कायमचा रामराम!' हा फॉरवर्ड गेल्या आठवड्यात मला चौथ्यांदा आला. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अशी बायोगॅसची टाकी आहे, जिच्यात जंतू खरकटं पचवून गॅस बनवतात, आणि तिला रोज खाऊ घालायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून हा खुलासा.

आपण जाळतो त्यातला निम्म्याहून अधिक एलपीजी परदेशातून येतो. तेलाचं काही बिनसलं की चटका स्वयंपाकघराला बसतो. पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी यावर तोडगा काढला. प्लॅस्टिकची हजार लिटरची पाण्याची टाकी आणि तिच्यात गॅस साठवायला साडेसातशे लिटरची उलटी टोपी, बस; गॅस साठला की टोपी वर उचलली जाते. २००६ मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. खरी गंमत टाकीत नाही, खाद्यात आहे. नेहमीच्या गोबरगॅसमध्ये शेण घालतात, पण शेणात ऊर्जा उरते कितीशी? गाय आधीच जेवून उठलेली असते, खाली पडतो तो चोथा. कर्व्यांनी जंतूंना सरळ पिष्टमय अन्नच वाढलं.

आता हिशोब. १ किलो कोरडा स्टार्च शेवटच्या कणापर्यंत पचला, तर सुमारे ३०० ग्रॅम मिथेन, म्हणजे या गॅसमधला जळणारा भाग, निघतो. रोजच्या २ किलो ओल्या खरकट्यात कोरडा भाग अर्धा किलो धरा, म्हणजे जास्तीत जास्त दीडशे ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर ४५ दिवस पुरत असेल तर रोज ३१५ ग्रॅम जळतो. तेव्हा रामराम वगैरे काही नाही, फार तर निम्मी बचत. शिवाय २ किलो खरकटं एका घरात निघत नाही, त्यासाठी चार दारं वाजवावी लागतात.

गेल्या गणपतीत महाप्रसादाचा उरलेला बारा किलो भात मी एकदम टाकीत ओतला. सकाळी टोपी हातभर वर! सगळे खूश. शेगडी मात्र पेटेना.

टाकीत दोन जमाती नांदतात. पहिली अन्न फोडून आम्लं बनवते; तिची संख्या काही तासांत दुप्पट होते. दुसरी मिथेन बनवणारी. तिला दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. बहुतांश मिथेन ती ॲसिटिक आम्लापासून, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लापासून बनवते, उरलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून. यातली हायड्रोजन खाणारी मंडळी मला फार आवडतात. मधल्या टप्प्यात प्रोपिऑनिक आम्ल तयार होतं आणि ते फोडणाऱ्या जंतूंना त्यातून ऊर्जा मिळते ती आजूबाजूचा हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा हजाराव्या हिश्श्याहून कमी असला तरच. शेजाऱ्याने हायड्रोजन लगोलग गिळला नाही, तर यांची चूल बंद. भात जास्त झाला की हायड्रोजन साचतो, प्रोपिऑनिक आम्ल तुंबतं, सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेसहाच्या खाली घसरतो आणि मिथेनवाले हातपाय गाळतात. टोपी वर आली होती ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडने. तो काय जळणार!

मग खाणं बंद, आम्ल मारायला थोडी चुन्याची निवळी आणि दोन बादल्या ताजा शेणकाला. 'देशी गाईचंच शेण हवं, त्यात दैवी शक्ती असते,' असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बजावलं होतं. आम्ही म्हशीचं आणलं. शेण इथे विरजण असतं, त्यातले मिथेनवाले जंतू कामाचे, आणि ते म्हशीच्या पोटातही असतात. तीन आठवड्यांनी निळी ज्योत आली.

एक गोष्ट त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसते. न जळता निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट तापवतो. गळकी टाकी म्हणजे हवामानाला मदत नव्हे, भुर्दंड. म्हणून दर रविवारी मी नळीच्या जोडांवर आणि कॉकवर साबणाचं पाणी लावतो. मागच्या रविवारी एका जोडावर बुडबुडे आले. क्लिप बदलली, साडेबारा रुपये.