जूनारगली

उत्तराखंड राज्याच्या चमोली जिल्ह्यातील एक उंच हिमालयीन खिंड. ज्यूंरागली, जिउँरागली अशी नामरूपेही आढळतात. त्रिशूल (७,१२० मी.) या शिखरसमूहाच्या नैर्ऋत्येस उतरणाऱ्या डोंगरसोंडेवर ही खिंड आहे. तिच्या दक्षिण उतारावरचे पाणी कैलगंगेतून देवाळजवळ पिंडर नदीस मिळते, तर उत्तर उतारावरचे नंदाकिनीस. या दोन्ही नद्या पुढे अलकनंदेला मिळत असल्या, तरी त्यांचे संगम वेगळे आहेत : पिंडरचा कर्णप्रयाग येथे, नंदाकिनीचा नंदप्रयाग येथे. खिंडीच्या लगत दक्षिणेस रूपकुंड (सु. ३०° १६' उ. अक्षांश व ७९° ४४' पू. रेखांश) हे लहान हिमसरोवर आहे. खिंडीची ख्याती बहुतांशी या सरोवराकाठच्या मानवी अस्थींमुळेच झाली आहे.

उंचीविषयी एकवाक्यता नाही. जुन्या ग्रंथांत रूपकुंडाची उंची ५,०२९ मी. दिलेली असून तोच आकडा पुढील लेखनात, अगदी अलीकडच्या शास्त्रीय निबंधांतही, थोड्याफार फरकाने येत राहिला आहे. उपग्रह-आधारित मापनांत मात्र सरोवराचा काठ सु. ४,८०० मीटरांच्या आसपास येतो. खिंड सरोवरापासून साधारण दीडशे ते दोनशे मी. वर असल्याने जुना आकडा धरल्यास ती ५,२०० मीटरांच्या घरात जाते, नवा धरल्यास ५,००० मीटरांच्या जवळपास राहते. येथे दुसरे अनुमान अधिक विश्वसनीय मानले आहे.

माणा, नीती किंवा लिपुलेख या खिंडींप्रमाणे जूनारगली तिबेटच्या व्यापारी वाटेवर नाही. ती ओलांडून माणूस तिबेटात न जाता शेजारच्याच खोऱ्यात उतरतो आणि त्या खोऱ्यात जाण्यासाठी खालून कितीतरी सोपे मार्ग आहेत. मीठ, लोकर व धान्य यांची ने-आण करणाऱ्या तांड्यांना येथून जाण्याचे कारण नव्हते. खिंडीचा उपयोग मुख्यतः एकाच कारणासाठी झाला, तो म्हणजे नंदादेवी राजजात ही यात्रा. पुढील अस्थिविषयक वादात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

राजजात ही नंदादेवीची माहेराहून सासरी होणारी पाठवणी. कर्णप्रयागजवळच्या नौटी गावापासून निघणारी ही यात्रा सु. २८० किमी.ची असून तिला जवळजवळ तीन आठवडे लागतात. कुरुड येथील देवीची डोली वाटेत तिला येऊन मिळते. अग्रभागी चार शिंगांचा मेंढा (चौसिंग्या खाडू) चालतो. वाण हे वाटेवरचे शेवटचे गाव. त्यापुढे गैरोली पातल, बेदिनी बुग्याल (बुग्याल म्हणजे उंचावरील गवताळ कुरण), पातर नचौणी, कैलू विनायक, भगुवासा, रूपकुंड असे टप्पे घेत यात्रा जूनारगली ओलांडते आणि शिलासमुद्रमार्गे होमकुंडास पोहोचते. तेथे पूजा झाल्यावर मेंढ्याला पुढे कैलासाच्या दिशेने सोडून देतात व यात्रेकरू परततात. यात्रा बारा वर्षांनी भरते असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात अलीकडच्या यात्रा १९६८, १९८७, २००० व २०१४ या वर्षी झाल्या. २०१४ची यात्रा २०१३च्या महापुरामुळे वर्षभर पुढे गेली होती. परंपरेनुसार वाणच्या पुढे स्त्रियांना व चामड्याच्या वस्तूंना मज्जाव असे. अलीकडच्या यात्रांत स्त्रियांवरील निर्बंध उरलेला नाही.

लोककथेनुसार कनौजचा राजा जसधवल गरोदर राणी बलंपा, परिवार आणि नर्तकी यांच्यासह या यात्रेला निघाला. देवीच्या क्षेत्राचे पावित्र्य त्याने राखले नाही. नर्तकी पातर नचौणी येथे शिळा झाल्या, राणीची प्रसूती वाटेतच झाली आणि क्रुद्ध देवीने गारांचा मारा करून साऱ्यांचा अंत केला, अशी ही कथा जागरांतून (देवतेला आवाहन करणाऱ्या विधिगीतांतून) गायली जाते. जसधवल या नावाचा राजा कनौजच्या ज्ञात वंशावळींत निःसंशयपणे दाखवता येत नाही, त्यामुळे कथेचा काळ ठरवण्यासाठी तिचा आधार घेणे धोक्याचे आहे. कथेतील निषेध (स्त्रिया, सूतक, नाचगाणे) आणि यात्रेचे नियम यांचा मेळ इतका नेमका आहे, की नियमांचे समर्थन म्हणून कथा नंतर रचली गेली असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते.

अस्थींचा प्रश्न : रूपकुंडाच्या काठी व तळाशी मानवी सांगाडे असल्याचे १९४२ मध्ये वनाधिकारी हरिकृष्ण मधवाल यांच्या पाहणीमुळे बाहेर कळले, असे सामान्यतः मानतात. स्थानिक मेंढपाळांना ते पूर्वीपासून माहीत असणार, हे उघड आहे. दुसऱ्या महायुद्धाचा काळ असल्याने हे घुसखोर जपानी सैनिक असावेत, अशी शंका प्रथम घेतली गेली. हाडे जुनी असल्याचे दिसताच ती मागे पडली. १९५०च्या दशकात लखनौ विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ धी. ना. मजुमदार यांनी अस्थींचा अभ्यास केला. कैलास-मानसरोवराच्या शोधकार्यासाठी ज्ञात असलेले स्वामी प्रणवानंद यांनीही त्याच सुमारास येथे जाऊन अस्थींचा संबंध जसधवलाच्या यात्रेशी जोडला.

दुसरा मतप्रवाह सैन्याचा आहे. मुहम्मद तुघलकाच्या कराचील (हिमालयातील) मोहिमेतील फौज, किंवा १८४१ मध्ये तिबेटात मारला गेलेला डोग्रा सेनानी जोरावरसिंह याचे परतणारे सैनिक, अशी दोन अनुमाने वारंवार मांडली गेली. दोन्ही टिकत नाहीत. ही खिंड तिबेटातून परतण्याच्या वाटेवर नाही. तिबेटातील तकलाकोटहून निसटलेले डोग्रे कुमाऊँच्या पूर्व टोकाकडे उतरले होते. शिवाय अस्थींत स्त्रियांच्या अस्थीही आहेत, आणि फौजेला साजेसा शस्त्रसाठा मिळालेला नाही. काठावर सापडलेल्या वस्तूंत चामडी पादत्राणे, अंगठ्या, लाकडी वस्तू व काही भाल्यांची पाती यांचा उल्लेख येतो. भाल्याची पाती वाटसरूकडेही असू शकतात.

२००४ च्या शोधमोहिमेने या वादाला वेगळे वळण दिले. तीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील सुभाष वाळिंबे यांच्यासारख्या अस्थितज्ज्ञांचा सहभाग होता. ऑक्सफर्ड येथील किरणोत्सर्गी कार्बन कालमापनात इ. स. ८५० (± ३० वर्षे) असा काळ निघाला. काही कवट्यांवर वरून बसलेल्या आघाताच्या, भरून न आलेल्या खुणा दिसल्या. त्यावरून मोठ्या गारांच्या माऱ्याने हा समूह एकाच वेळी मरण पावला, असे अनुमान निघाले आणि ते लोककथेशी जुळत असल्याने फार लोकप्रिय झाले. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डीएनए चाचणीत काही नमुन्यांचे साम्य कोकणस्थ ब्राह्मणांशी दिसल्याच्या बातम्या त्या वेळी मराठी वाचकांनी मोठ्या उत्सुकतेने वाचल्या. तथापि अशा मोजक्या नमुन्यांवरून आणि केवळ मातृवंशीय डीएनएवरून एखाद्या विशिष्ट जातीपर्यंत जाणे योग्य ठरत नाही, आणि पुढील अभ्यासाने या निष्कर्षाला बळ दिले नाही.

हा पुढील अभ्यास ऑगस्ट २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे नीरज राय, हैदराबादचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्यासह अनेक संशोधक सहभागी होते. ३८ व्यक्तींच्या जनुकसंचाचे विश्लेषण केल्यावर तीन गट पडले. २३ व्यक्ती आजच्या भारतीय लोकसंख्येच्या कक्षेत बसणाऱ्या होत्या, मात्र त्या एका ठिकाणच्या किंवा एका समाजातल्या नव्हत्या. १४ व्यक्तींचे साम्य पूर्व भूमध्य प्रदेशाशी, विशेषतः आजच्या ग्रीस व क्रीट येथील लोकांशी होते. एका व्यक्तीचे साम्य आग्नेय आशियाशी होते. पहिल्या गटाचा काळ इ. स. सातव्या ते दहाव्या शतकात पडतो आणि त्यातील व्यक्तीही एकाच प्रसंगी मेलेल्या नसाव्यात. उरलेल्या दोन्ही गटांचा काळ सु. १८०० च्या आसपासचा, म्हणजे जवळजवळ हजार वर्षांनंतरचा आहे. हाडांतील समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या प्रमाणावरून) आहारही वेगळा दिसतो : भारतीय गटात भरडधान्य खाणारे व न खाणारे असे दोन्ही प्रकार आहेत, भूमध्य गटाच्या आहारात मात्र भरडधान्य फारसे नव्हते. व्यक्तींमध्ये जवळचे नाते आढळले नाही, तसेच साथीच्या रोगजंतूंचा मागही लागला नाही.

या निष्कर्षांमुळे एकच राजा, एकच वादळ, एकच मृत्युप्रसंग ही मांडणी सोडून द्यावी लागते. गारपिटीचे स्पष्टीकरण फार तर जुन्या गटातील काही मृत्यूंना लागू पडेल. जुन्या गटासाठी तीर्थयात्रेचे स्पष्टीकरण आजही सर्वांत समाधानकारक वाटते : खिंडीला दुसरा उपयोग नाही, माणसे निरनिराळ्या प्रांतांतील आहेत, स्त्री-पुरुष दोन्ही आहेत. या परिसरातील देवालयांचे शिलालेख आठव्या ते दहाव्या शतकांतील असून त्यांवरून त्या काळी यात्रा चालत असण्याची शक्यता व्यक्त केली गेली आहे. स्त्रियांच्या अस्थी मात्र वाणपुढील मनाईशी जुळत नाहीत. मनाई नंतरची असावी असे मानणे त्यातल्या त्यात सयुक्तिक आहे. भूमध्य गटाला यात्रेचे स्पष्टीकरण लावणे कठीण जाते. एवढा मोठा परदेशी समूह अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या सांध्यावर गढवालात आल्याची नोंद पुढे आलेली नाही. दरडी, हिमस्खलन आणि हाडे उचलून नेणारे पर्यटक यांमुळे अस्थींचे मूळ स्थान-संदर्भ नाहीसे झाले आहेत, ही अडचण सर्वच मतांना बाधते. सांगाड्यांची एकूण संख्या तीनशे ते आठशे अशी सांगण्यात येते, ती याच कारणाने अंदाजी समजावी.

चढाई : नेहमीचा मार्ग लोहाजंग व वाण येथून सुरू होतो. बेदिनी (सु. ३,३५० मी.) व अली ही विस्तीर्ण गवताळ कुरणे चढून पातर नचौणी आणि भगुवासा (सु. ४,३०० मी.) येथे मुक्काम करीत. समुद्रसपाटीच्या तुलनेत खिंडीत हवेतील प्राणवायूचा दाब निम्म्याहून थोडाच अधिक असतो. ३,००० मीटरांवर झोपण्याची जागा दररोज सु. ५०० मीटरांहून अधिक वर नेऊ नये, हा सर्वसाधारण दंडक आहे. भगुवासाची चढाई एका दिवसात उरकणाऱ्यांना डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश यांचा त्रास होतो. त्रास वाढल्यास खाली उतरणे हाच उपाय. सरोवराकडे पहाटे अंधारातच निघतात, कारण सकाळी बर्फ टणक असते व पाय रुतत नाही. दुपारनंतर ढग चढतात आणि गारा पडतात. रूपकुंड ते खिंड हा टप्पा लहान असला तरी उभ्या घसाऱ्याचा आहे आणि मे-जूनमध्ये कठीण बर्फाने झाकलेला असतो. बहुसंख्य पदभ्रमक खिंडीवरून त्रिशूल व नंदाघुंटी (६,३०९ मी.) पाहून आल्या वाटेने परततात.

अली-बेदिनी-बागजी बुग्यालांच्या संरक्षणासाठी दाखल झालेल्या याचिकेवर उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि दैनंदिन पर्यटकांची संख्या दोनशेपर्यंत मर्यादित केली. मुक्कामाविना खिंड गाठणे व्यवहारात शक्य नसल्याने संघटित पदभ्रमण त्यानंतर मोठ्या प्रमाणात थांबले.

उत्तरेचा उतार शिलासमुद्र या हिमोढांच्या (हिमनदीने वाहून आणलेल्या दगडधोंड्यांच्या राशींच्या) विस्तीर्ण पठारावर येतो. तेथून होमकुंड एका चालीवर आहे. परतीची वाट चंदनियाघाट, लाताखोपडी व सुतोल या मार्गाने नंदाकिनीच्या खोऱ्यात, घाट येथील मोटाररस्त्याकडे उतरते.