आयुष्मान कार्ड म्हणजे ५ लाखांचं एटीएम नव्हे

‘कार्ड काढलं की कुठल्याही दवाखान्यात ५ लाखांपर्यंत सगळं फुकट’ हा समज २०१८ पासून फिरतोय. ही रक्कम माणशी नाही, अख्ख्या कुटुंबाला मिळून वर्षाची आहे. रुग्णालय योजनेत नोंदलेलं हवं आणि रुग्ण भरती हवा. नुसत्या ओपीडीच्या गोळ्या-तपासण्या खिशातूनच. खरी फसगत पुढेच होते: आधी पैसे भरले आणि डिस्चार्जच्या वेळी कार्ड दाखवलं, तर परतावा नाही. म्हणून भरती होतानाच आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) कार्ड, आधार द्या आणि मंजुरी आली का ते विचारा. जुन्या आजाराला कार्ड चालत नाही, ही मात्र थाप; पहिल्या दिवसापासून चालतं. घरी सोडल्यानंतरची १५ दिवसांची औषधंही पॅकेजमध्येच असतात. मागून घ्या.