गर्भवतीची भूल आणि अवघड श्वासमार्ग

पूर्ण भूल दिल्यावर मास्कने फुफ्फुसांत हवा जात नाही किंवा श्वासनलिकेत नळी घालता येत नाही, तेव्हा त्याला अवघड श्वासमार्ग म्हणतात. इतर शस्त्रक्रियांत नळी न बसण्याचा प्रसंग साधारण २,००० रुग्णांत एकदा येतो. गर्भवतीच्या पूर्ण भुलेत सुमारे ४०० त एकदा.

गरोदरपणात घशाचे अस्तर सुजते आणि जरा धक्का लागला तरी रक्त येते. कळा सुरू झाल्यावर सूज आणखी वाढू शकते, म्हणून सकाळी पाहिलेला घसा रात्री पुन्हा पाहावाच लागतो. रक्तदाब वाढलेला असेल तर जास्तच सावध राहावे. फुफ्फुसातला हवेचा राखीव साठा पाचव्या हिश्श्याने घटलेला असतो आणि शरीराला ऑक्सिजन मात्र जास्त लागतो. श्वास थांबला की पातळी झपाट्याने उतरते.

तिसरा धोका जठरातले अन्न व आम्ल फुफ्फुसात जाण्याचा. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये त्याचे वर्णन केले. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून किंवा पलीकडच्या चंदगडातून बेळगावात आणलेल्या बाईच्या सासूला विचारले, तर उत्तर येते, ‘काही खाल्लं नाही हो, चहा-बिस्कीट तेवढं.’ ते खाणेच असते. कळांमध्ये पोट रिकामे व्हायला वेळ लागतो, म्हणून तातडीच्या वेळी पोट भरलेलेच धरावे.

याच कारणांमुळे शक्य तिथे कमरेत सुई देऊन भूल देणे चांगले. ‘त्या सुईनं जन्मभर कंबर धरते’ ही समजूत सीमाभागात खोल रुजली आहे आणि त्यापायी काही जणी पूर्ण भूल मागतात. कायमच्या कंबरदुखीचा या सुईशी संबंध आढळलेला नाही. हे आठव्या-नवव्या महिन्यातल्या तपासणीतच, मराठी असो वा कन्नड, घरच्या भाषेत सांगायला हवे. मोठा रक्तस्राव किंवा रक्त गोठण्यातला बिघाड असेल तेव्हा मात्र पूर्ण भूल टळत नाही.

मग तयारी महत्त्वाची. अंबाडा आधी सोडावा. डोक्यामागे गाठ असली की मान मागे जात नाही. कानाचे छिद्र छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या रेषेत येईल इतके डोके-खांदे उंच करावेत, टेबल डावीकडे कलते ठेवावे, मास्क घट्ट लावून ऑक्सिजन द्यावा. अखिल भारतीय अवघड श्वासमार्ग संघटनेच्या २०१६ च्या सूचनांत नळी घालत असतानाही नाकातून ऑक्सिजन चालू ठेवण्यावर भर आहे. नळी नेहमीपेक्षा बारीक घ्यावी. ब्रिटनच्या २०१५ च्या सूचनांनुसार प्रयत्न दोनच, तिसरा फक्त अनुभवी हाताचा. तोही फसला तर नळीचा हट्ट सोडून स्वरयंत्राच्या वर बसणारे साधन किंवा मास्क वापरायचा. तरीही ऑक्सिजन पोचत नसेल तर कंठाच्या पुढून छेद. बाईला जागे करायचे की शस्त्रक्रिया पुढे न्यायची, हे भूल देण्याआधीच प्रसूतितज्ज्ञांशी बोलून ठरवलेले बरे.

नळी काढतानाचा धोका मात्र अनेकदा विसरला जातो. टाके झाले, बाळ रडले, खोलीतले सगळे सैलावले, पण घसा अजून सुजलेलाच असतो. ‘अक्का, डोळे उघडा, मान उचला,’ असे म्हटल्यावर तिने मान उचलून धरली, की मगच नळी काढायची.