आदल्या रात्रीचा वस्तरा

ऑपरेशनच्या आदल्या रात्री रुग्णाच्या अंगावरून वस्तरा फिरवायचा, ही पद्धत कित्येक दशकं बिनतक्रार चालू होती. केसांत जंतू असतात, केस गेले की जंतूही गेले, असा सरळ हिशेब. तो फसला. दाढी केल्यावर आफ्टरशेव्ह लावला की गाल का चुरचुरतो, ते आठवा. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात, त्यांतून लस पाझरते आणि जंतूंना वाढायला अख्खी रात्र मिळते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वस्तरा फिरवलेल्यांपैकी ५.६ टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला होता. केस काढलेच नव्हते किंवा केस घालवणारं क्रीम लावलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ०.६ टक्के होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्टच सांगतात की शक्यतो केस काढू नका, काढावेच लागले तर क्लिपरने कापा, वस्तरा नको. तरीही ‘आपण आधीच साफ करून जाऊ’ म्हणून घरी ब्लेड हातात घेणारे असतातच. त्यापेक्षा साबण लावून स्वच्छ आंघोळ करून जावं.

मुळात त्वचा पूर्ण निर्जंतुक करता येत नाही. कात्री-चिमटे दाबाखालच्या वाफेत घालता येतात, माणसाचं पोट कसं घालणार? शिवाय सगळे जंतू वर बसलेले नसतात. काही केसांच्या मुळाशी आणि तेलग्रंथींत दडून असतात, तिथवर औषध नीट पोचतच नाही. खांद्याच्या ऑपरेशनमध्ये त्रास देणारा एक जंतू मुरुमांशी संबंधित आहे, तो अशाच ग्रंथींत राहतो. म्हणजे इथे करायचं काय, तर जंतूंची संख्या इतकी खाली आणायची की उरलेल्यांना शरीराची प्रतिकारशक्ती आवरू शकेल.

त्यासाठी औषधं मुख्यतः दोन. तपकिरी डाग पाडणारं ते पोव्हिडोन आयोडीन. दुसरं क्लोरहेक्सिडीन. त्याच्या रेणूंवर धन विद्युतभार असतो आणि जंतूंच्या बाह्य आवरणावर ऋण, त्यामुळे ते जंतूला चिकटून आवरण फोडतं. त्वचेवरही बराच वेळ टिकून राहतं. दोन्ही बहुतेकदा अल्कोहोलमध्ये मिसळून वापरतात. अल्कोहोल झटपट मारतं, पण ते शुद्ध असून चालत नाही, साधारण ७० टक्के लागतं. जंतूंची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणीही हवंच! क्लोरहेक्सिडीन मात्र डोळ्यांत किंवा कानाच्या आतल्या भागात जाऊ देत नाहीत, तिथे ते इजा करतं. दोहोंत सरस कोणतं, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१० च्या एका मोठ्या चाचणीत अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनने बाजी मारली, पण समोरच्या आयोडीनमध्ये अल्कोहोल नव्हतं. लढत बरोबरीची नव्हती, असं मला वाटतं.

औषध लावून झालं की ते वाळू द्यायचं, निदान तीन मिनिटं. दाट केस असतील तर बराच जास्त वेळ. वाळण्याइतका वेळ दिला तरच औषधाला काम करायला अवधी मिळतो. दुसरं कारण आगीचं. रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या विद्युत उपकरणाची ठिणगी उडते, आणि बेंबीत साचलेलं किंवा पाठीखालच्या चादरीत ओघळलेलं अल्कोहोल त्या ठिणगीने पेट घेऊ शकतं. म्हणून तो ओलावा आधी टिपून घेतात, भिजलेली चादर बदलतात. मग सगळे हात धुऊन, ग्लोव्हज चढवून टेबलाभोवती उभे असतात, आणि सर्जनही घड्याळाकडे बघत पोट वाळायची वाट पाहतो.