काठीचा खटका

जानेवारीत सोलापुरात ‘काठ्या’ म्हटलं की सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वजच, म्हणजे मिरवणुकीतले उंच मानाचे खांब, डोळ्यांपुढे येतात. यंदा मिरवणूक बघायला माझे मामा रस्त्याच्या कडेला उभे होते. आयुष्यभर यंत्रमागावर उभं राहून काम केलेला माणूस. आता डावा गुडघा साथ देत नाही, म्हणून हातात अॅल्युमिनियमची घडीची काठी. ‘हर्र बोला हर्र’चा गजर झाला, मामांनी एक हात वर केला, सगळा भार काठीवर गेला आणि खट् आवाज होऊन काठी दोन भोकं आत सरकली. शेजारच्या पोरानं दंडाला धरलं म्हणून मामा पडले नाहीत.

घरी आल्यावर सगळे म्हणाले, स्प्रिंग गेली. काठी जिथून घेतली त्या दुकानदाराचंही तेच मत. मी काठी उलगडून बघितली तर स्प्रिंग ठणठणीत होती.

या काठ्यांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच, की आपलं वजन आतली स्प्रिंग पेलते. ती पेलत नाही, आणि तिनं पेलूही नये. मामांच्या काठीत एक नळी दुसरीत सरकते. आतल्या नळीत इंग्रजी ‘व्ही’सारखी वाकवलेली पोलादी पट्टी असते, तीच स्प्रिंग, आणि तिच्या टोकाला एक छोटी गुंडी. ही गुंडी दोन्ही नळ्यांच्या भोकांतून बाहेर डोकावते. उंची बदलताना आपण अंगठ्यानं दाबतो तोच हा खटका. पट्टीचं काम फक्त आडवं, म्हणजे गुंडीला बाहेर ढकलत राहणं. वजन येतं वरून खाली. बाहेरच्या नळीच्या भोकाची कड गुंडीच्या मानेवर बसते आणि कातरीच्या दोन पात्यांत धरल्यासारखी तिला कापू बघते.

मग गुंडी तुटत कशी नाही? 6 मिलीमीटर जाडीच्या गुंडीचा छेद साधारण 28 चौरस मिलीमीटर भरतो. साधं पोलादसुद्धा अशा कातरीच्या जोराला दर चौरस मिलीमीटरला 15 किलो तरी सहज झेलतं. म्हणजे 400 किलोंच्या वर. गुंडीची काळजी नको. पण तीच 6 मिलीमीटरची गुंडी ज्या भिंतीवर टेकते ती बघा. मामांच्या काठीची नळी मी व्हर्नियरनं मोजली, भिंत जेमतेम 1 मिलीमीटर. म्हणजे टेकायला जागा फक्त 6 चौरस मिलीमीटर, आणि तीही मऊ अॅल्युमिनियमची. इथेही चौरस मिलीमीटरला 15 किलो धरले तर 90 किलो होतात. मामांचं वजन 68. कागदावर पुरतं, पण ठेच लागून माणूस काठीवर एकदम कोसळतो तेव्हा तो झटका उभ्या वजनापेक्षा बराच जास्त असतो. अशा प्रत्येक झटक्याला भोक किंचित लांबतं. गोल भोक अंडाकृती होतं आणि त्याची कड बाहेरच्या बाजूला उलटते.

इथे खरी गंमत आहे आणि मला हा भाग फार आवडतो. गुंडीला दोन भाग असतात, खाली सरळ मान आणि वर घुमटासारखं डोकं. भोकाची कड सरळ मानेवर असेल तर वजन कितीही येवो, गुंडीला आत ढकलणारा जोर तयारच होत नाही. पण कड उलटून वर सरकली आणि घुमटाच्या उतारावर टेकली, की वरून येणाऱ्या वजनाचा काही वाटा आडवा वळतो. उतारावर पाय ठेवला की घसरतो, तसंच. हा आडवा जोर आत, म्हणजे स्प्रिंगच्या विरुद्ध. जी स्प्रिंग आपण अंगठ्यानं दाबू शकतो ती माणसाच्या वजनापुढे काय टिकणार? मामांची काठी सरकली ती अशी. नवी स्प्रिंग घालून ती पुन्हा सरकलीच असती.

घडीच्या काठीचे चार तुकडे आतल्या इलॅस्टिक दोरीवर ओवलेले असतात. तिथेही हाच नियम. दोरीनं तुकड्यांना एकमेकांत ओढून बसवायचं, आणि वजन धातूच्या खांद्यावरून, म्हणजे नळीच्या कडेवरच्या पायरीवरून, खालच्या धातूच्या खांद्यावर उतरायचं. काठी टेकली की सांधा आणखी घट्ट व्हायला हवा. चांगल्या आराखड्याची ओळख मी हीच मानतो. दोरी सैल पडली तर काठी उचलताना तुकडा लोंबतो, आणि अर्धवट बसलेल्या सांध्यावर भार पडतो. वॉकरमध्ये दोन्ही बाजूंचे खटके बसल्याचे दोन आवाज ऐकल्याशिवाय हात टेकू नयेत, ते यासाठीच.

दुसरी गोष्ट, प्ले, म्हणजे सांध्यातली डुगडुग. नळी नळीत सरकायची तर दोघींमध्ये थोडी फट हवीच. समजा 0.3 मिलीमीटर. नळी 100 मिलीमीटर आत असेल तर अर्ध्या मीटरवरचं टोक दीड मिलीमीटर हलतं. तीच नळी शेवटच्या भोकापर्यंत ओढली आणि आत फक्त 30 मिलीमीटर उरली, तर तेच टोक 5 मिलीमीटर डुगडुगतं. म्हणून उंच माणसानं लहान काठी शेवटच्या भोकावर वापरू नये, मोठ्या मापाचीच घ्यावी.

जाहिरातीत मात्र यातलं काहीच नसतं. तिथे मुठीत लोहचुंबक असतो, ‘रक्ताभिसरण वाढवणारा’. रक्तातलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही, आणि मुठीतल्या चुंबकानं गुडघ्याची झीज भरून येत नाही. त्या पैशात अर्धा मिलीमीटर जाड नळी मिळाली तर ती घ्यावी. आणि गेलेल्या माणसाची काठी वापरू नये म्हणून ती माळ्यावर टाकायची पद्धत काही घरांत आहे, तिनं मला खरंच वाईट वाटतं. उंची बदलणारी काठी एकामागून दुसऱ्या माणसाच्या उपयोगी पडावी अशीच तर बनवलेली असते.

केंद्राच्या 2017 सालच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब ज्येष्ठांना काठ्या, वॉकर मोफत मिळतात. राज्याच्या 2024 सालच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या पात्र ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच 3,000 रुपये येतात. पण काठी हातात आली की ती ज्या भोकावर असेल त्याच भोकावर वर्षानुवर्षं राहते. माप सोपं आहे. नेहमीची चप्पल घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाची घडी जिथे येईल तिथे मूठ. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं, 20 ते 30 अंश. आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. मामा ती दुखऱ्या बाजूलाच, डाव्या हातात धरायचे, कारण ‘आधार तिथेच हवा ना’. पण चालताना दुखऱ्या पायाबरोबर उलटा हातच आपोआप पुढे येतो, आणि शरीराचा तोल काठीच्या बाजूला झुकला की दुखऱ्या पायावरचा भार उतरतो.

मामांच्या काठीची वरची, म्हणजे बाहेरची नळी आम्ही बदलून घेतली, दीड मिलीमीटर भिंतीची. भोकं एक-एक इंचावर आहेत. मनगटाच्या मापानं तिसरं भोक आलं, पण घरात शहाबादी फरशीवर ते अनवाणी असतात आणि बाहेर जाड तळव्याच्या चपला. घरात दुसरं, बाहेर तिसरं. तिसऱ्या भोकाभोवती मी लाल नेलपॉलिश लावून दिलंय. बाहेर पडताना मामा नळी तिथपर्यंत ओढतात, खटक्याचा टक् आवाज ऐकतात आणि गुंडीची मान पूर्ण बाहेर आली का ते बोटानं चाचपून बघतात.